पाडव्याला देतो

आमच्या स्वयंपाकघराचं काम जानेवारीत निघालं. ठेकेदार म्हणाला, "पाडव्याला देतो." कामं किती, कोणतं कोणावर अडलंय, काही न विचारता मी तारखेवर खूश झालो. नियोजन म्हणजे तारीख, अशी आपली श्रद्धा. आधी मुहूर्त काढायचा, मग त्यात कामं कोंबायची. 'घर पाहावं बांधून' म्हणणाऱ्या पूर्वजांनी किती दिवसांत ते सांगून ठेवलं नाही. शहाणी माणसं.

लाज अशी, की ऑफिसात माझ्या हुद्द्यातच 'प्रोजेक्ट मॅनेजर' आहे. तेव्हा मी फ्रिजवर आडव्या पट्ट्यांचा तक्ता चिकटवला. जग त्याला गँट चार्ट म्हणतं, अमेरिकेच्या हेन्री गँटवरून. पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने तसाच तक्ता १८९६ मध्येच केला होता. पण छापला उशिरा, तोही पोलिश भाषेत. (मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे एक उसासा टाकून पुढे जावं.)

फेब्रुवारीत रंगारी ठरल्यापेक्षा चार दिवस आधी हजर! घरात आनंदीआनंद. पण रंगवणार काय? ओटाच नव्हता. ड्यूपाँट कंपनीत १९५७ च्या सुमारास 'क्रिटिकल पाथ' नावाची पद्धत निघाली. एकमेकांवर अडलेल्या कामांची सगळ्यांत लांब साखळी शोधायची. ती जितकी लांब, तितके दिवस लागणारच. साखळीबाहेरची कामं कितीही लवकर उरका, प्रकल्प एका दिवसानेही अलीकडे येत नाही. माझी साखळी होती भिंतीतले पाइप, मग ओट्याचा ग्रॅनाइट, मग सिंक, मग टाइल्स. रंगारी दोन दिवस चहा प्यायला आणि दुसऱ्या साइटवर गेला. तक्त्यावर त्याची पट्टी मात्र हिरवीगार, 'वेळेआधी'.

मार्चमध्ये ठेकेदाराचं नवं वाक्य आलं: "साहेब, नव्वद टक्के झालंय." हे वाक्य मीही दर सोमवारी वरिष्ठांना ऐकवतो, त्यामुळे ओळखीचा आवाज आल्यासारखं वाटलं. कशाचे नव्वद टक्के? पैशांचे, निश्चित. दिवसांचेही. उरलेल्या दहा टक्क्यांत फक्त पाणी, वीज आणि गॅस होता.

मी फर्मावलं, माणसं वाढवा. आठ बाय नऊच्या खोलीत सहा जण शिरले. नवा गवंडी जुन्याला विचारी, लेव्हल कुठून धरलीय? जुना थापी खाली ठेवून सांगे. प्लंबरला उभं राहायला जागा हवी म्हणून दोघे बाल्कनीत. आयबीएममध्ये मोठा प्रकल्प हाकलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी लांबतो. त्याचं पुस्तक माझ्या टेबलावर आहे. मॉनिटर त्याच्यामुळे बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येतो.

मग प्लॅन करूच नये का? असं म्हणणारे ऑफिसात बरेच आहेत आणि ते स्वतःला 'अजाइल' म्हणवतात. त्यांना कोकण रेल्वे दाखवावी. १९९० मध्ये पायाभरणी, लक्ष्य पाच वर्षांचं. प्रकल्पाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी उलटी चालणारी घड्याळं लावली: किती दिवस उरले, ते डोळ्यांसमोर. पेडण्याच्या बोगद्यातल्या ओल्या मातीने घड्याळाकडे पाहिलं नाही, ती ढासळतच राहिली. सलग गाडी धावायला जानेवारी १९९८ उजाडलं. म्हणजे प्लॅन त्यांचाही चुकला. पण चुकतोय, हे त्यांना रोज दिसत होतं. मला ते पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी दिसलं, बाथरूममध्ये भांडी घासताना.

गुढीला नैवेद्य शेजारच्या वहिनींकडून आला. श्रीखंड उत्तम होतं. ते संपवून मी ठेकेदाराला फोन लावला.

"अहो, पाडव्याला देतो म्हणाला होतात!"

"देणारच की, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "दिवाळीला अजून सात महिने आहेत."