दुसऱ्याच्या स्टेटसवर जळण्याची शास्त्रोक्त रीत

जळतात सगळेच. पण बहुतेक जण अर्धवट जळतात, आणि त्यामुळे झोपही जाते नि पूर्ण समाधानही मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील मार्गदर्शन. ते प्रामुख्याने विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागांतून बेंगळुरूला येऊन चिकपेट-नगरथपेटच्या बोळांत सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्याला लागलेल्या वीस-बावीस वर्षांच्या उमेदवारांसाठी आहे. साडीच्या दुकानात लागलेल्यांनी सोन्याच्या जागी रेशीम असं वाचावं. बाकी विधी तोच.

पहिली पायरी माणूस निवडण्याची, आणि नवखे इथेच चुकतात. ते अंबानींच्या घरच्या लग्नाचे व्हिडिओ बघून जळायला जातात. ते पेट घेत नाही. २०२४ सालचं ते लग्न उभ्या देशाने बघितलं आणि चहा पिऊन सगळे कामाला लागले. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडून ठेवलंय की माणूस स्वतःला मापतो ते आपल्यासारख्याच माणसाशी; अंतर फार वाढलं की तुलनेची खुमखुमीच जिरते. तेव्हा निवड जवळची हवी. वय तेच, गाव तेच, दहावीला बाक तोच. सर्वांत उत्तम मावसभाऊ. त्यातही जो आपल्याबरोबरच घरातून निघाला, कोइमतूरला त्याच धंद्यात शिरला आणि सहा महिन्यांत बुलेटवर बसलेला दिसला, तो मावसभाऊ म्हणजे जळणाऱ्याचं भाग्य. बुलेट कुणाची, हे विचारू नये. विचारलं की सगळा विधी बिघडतो.

जागेबद्दल न्यूनगंड नको. हे पेठेचं बेंगळुरू केंपेगौडांनी १५३७ साली वसवलं आणि १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर इथे होती. प्रोफाइलमध्ये ‘शहाजीराजांच्या जहागिरीत कार्यरत’ असं लिहायला कायद्याची हरकत नाही. फक्त खाली ‘पगार मालकाकडे जमा’ हे लिहू नये.

वेळ रात्रीची. दिवसा जमत नाही, कारण दिवसा हात रिकामा नसतो. शटर पडलं, डबा खाल्ला, आणि ज्या माळ्यावर चौघांनी मिळून झोपायचं तिथे अंग टाकलं की फोन काढावा. खाली भट्टीची ऊब अजून असते, ती पोषकच. अंगठा वर सरकवत राहावा. पान संपेल मग झोपू, असा विचार मनात आणू नये. पान संपत नाही. ही न संपणारी सोय २००६ साली ॲझा रास्किन यांनी काढली आणि पुढे त्याबद्दल जाहीर पश्चात्तापही केला. त्यांच्या पश्चात्तापाने आपली झोप परत येत नाही, पण आपल्या जागरणामागे एवढा मोठा माणूस उभा आहे हे कळलं की बरं वाटतं.

आता प्रतिहल्ला, म्हणजे स्वतःचा फोटो टाकणं. इथे उमेदवाराला धंद्याचंच ज्ञान उपयोगी पडतं. जुने दागिने आले की त्यातल्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून वितळवतात आणि ते मिश्रण नायट्रिक ॲसिडमध्ये टाकतात. चांदी विरघळून पाण्यात जाते, तांबूस वाफ निघते, ती नाकातोंडात गेली की छाती धरते. तळाशी जे उरतं ते जवळजवळ शुद्ध सोनं. पण दिसतं कसं? चहाच्या चोथ्यासारखं, तपकिरी. नव्या पोराला दाखवलं तर तो ते झाडून बाहेर टाकेल. धुऊन, टाकणखार घालून, मुशीत पुन्हा हजार-अकराशे अंशांना नेलं की मग ते पिवळं होतं आणि लगड ओतली जाते. फोटो फक्त लगडीच्या टप्प्याचा घ्यावा. चोथ्याचा, वाफेचा, तेजाबाने पिवळ्या पडलेल्या बोटांचा घेऊ नये. त्याला लाइक येत नाहीत.

आणि लगडीचा म्हटलं तरी गिऱ्हाइकाच्या लगडीचा कदापि नाही. ते सोनं दुसऱ्याचं असतं. मालक सहसा गावचाच, बऱ्याचदा नात्यातला मामा असतो आणि तो स्टेटस बघतो. लगड हातात धरून टाकलेला फोटो दहा मिनिटांत त्याच्यापर्यंत जातो, आणि मग उमेदवार बारा तासांत विट्याच्या स्टँडवर उतरलेला दिसतो.

त्यापेक्षा रविवारी चिकपेटहून मेट्रोने मॅजेस्टिक गाठावं, तिथे पर्पल लाइन पकडावी, चौथं स्टेशन एम. जी. रोड. चर्च स्ट्रीटवर कॉफीच्या दुकानाबाहेर उभं राहावं; आत जाण्याची गरज नसते. परतताना विधान सौध स्टेशनला उतरून १९५६ साली पुरी झालेली ती इमारत पाठीमागे घ्यावी. मजकूर थोडका ठेवावा: ‘बेंगलोर लाइफ’. हे बेंगलोर लाइफ आठवड्यातून तीन तासांचं आहे आणि उरलेला वेळ माळ्यावर जातो, हा खुलासा कुणी मागत नाही.

एक ऐतिहासिक बाब सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फोनमुळे ही पोरं बिघडली, असं म्हणणारे आज पन्नाशी-साठीचे जे गलाईवाले शेठ आहेत, त्यांनी हा उद्योग फोनशिवाय केलेला आहे. दुष्काळी पट्ट्यातून निघालेली ही माणसं भारतभर पांगली. खरसुंडीच्या यात्रेला किंवा विट्याच्या दसऱ्याला, रेवणसिद्धाच्या पालख्या पळतात तेव्हा, गावी यायची. गळ्यात साखळी, दारात गाडी, पारावर ‘काय शेठ, कवा आलासा?’ गावात मोठा बंगला बांधायचा आणि त्याला अकरा महिने कुलूप घालायचं. तो बंगला म्हणजे सिमेंटचं स्टेटसच की. चार दिवस गाव जळायचं, मग शेठ परतीच्या गाडीत बसायचे आणि गाव आपल्या कामाला लागायचं. आजच्या उमेदवाराचं दुःख इतकंच की त्याची यात्रा उठतच नाही.

शिवाय गाव आता गप्प बसून जळणारं राहिलेलं नाही. टेंभू योजनेचं पाणी आलं. आटपाडीकडे डाळिंबं आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून बैलगाडा शर्यती पुन्हा भरतात. त्यामुळे जो दोस्त गावात मागे राहिला, तो धुरळ्यात पळणाऱ्या खिल्लारांचा व्हिडिओ टाकतो, मागे हलगी, खाली ‘आपलं रान, आपलं राज्य’. चिकपेटच्या माळ्यावरचा पोरगा तो बघून कण्हतो, आणि त्याच रात्री तो दोस्त औषधाचं बिल उशाला ठेवून चर्च स्ट्रीटचा फोटो बघत असतो. डाळिंबावर तेल्या पडलाय हे तो टाकत नाही. चोथा यानेही टाकलेला नाही. दोघेही एकमेकांना हार्ट पाठवून झोपायचा प्रयत्न करतात. हा आदर्श जळण्याचा नमुना, अभ्यासावा.

काहींची प्रकृती या विधीला साथ देत नाही. त्यांच्यासाठी पळवाटा आहेत, सांगणं भाग आहे म्हणून सांगतो. मे २०२१ पासून इन्स्टाग्रामवर लाइकचे आकडे झाकून ठेवता येतात. कुणालाही म्यूट करता येतं आणि त्याला ते कळत नाही, म्हणजे नातं शाबूत. व्हॉट्सॲपवर वाचल्याची निळी खूण बंद केली की आपण कुणाचं स्टेटस पाहिलं हे त्याला दिसत नाही. मात्र आपलं कोणी पाहिलं हे आपल्यालाही दिसत नाही, आणि तिथेच बहुतेकांचा निश्चय मोडतो. दिवसभर दुसऱ्याच्या दागिन्याचा टंच काढणाऱ्याने रात्री मावसभावाला फोन लावून ‘भावा, हातात किती येतात रं?’ असं सरळ विचारणं हाही एक उपाय आहे. तो निम्मा आकडा सांगेल, मग हळूच तुमचा विचारेल. त्यानंतर दोघांनाही बराच वेळ जळता येत नाही. म्हणून विधीच्या काळात हा फोन टाळावा.

इथवर थट्टा होती. झोप रोजच जात असेल, जेवण नकोसं झालं असेल, गावाकडचा फोन उचलवत नसेल, तर प्रकरण मावसभावाच्या बुलेटपलीकडे गेलेलं असतं. फोनच्या अतिवापरासाठी याच शहरात, निम्हान्समध्ये, २०१४ पासून ‘शट’ नावाचं खास क्लिनिक चालतं. तिथवर जायला रजा मिळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फिरवा, माळ्यावरून, अपरात्रीसुद्धा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि आपण फोन केल्याचं मावसभावाला कळत नाही.