वाऱ्याचं युनिट

आमच्या गावात खरी सत्ता कोणाच्या हातात आहे हे बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. तो नगराध्यक्षांना हार घालतो, मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देतो आणि समाधानानं शेवटच्या एसटीनं परत जातो. आम्ही गावकरी मात्र पहाटे साडेचारला अंथरुणात पडल्या पडल्या एका सायकलीच्या खडखडाटाकडे कान लावून असतो. त्या सायकलीच्या दांडीला छातीभर उंचीची लोखंडी चावी बांधलेली असते. वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. ती ज्याच्याकडे, तो आमचा राजा. दप्तरात त्याला 'व्हॉल्व्हमन, कंत्राटी' म्हणतात आणि तीन-तीन महिने पगार देत नाहीत. गाव त्याला चावीवाला भाऊ म्हणतं आणि दिवाळीचा पहिला फराळ त्याच्या घरी पाठवतं.

मागच्या आठवड्यात आमच्या वॉर्डात सलग चार दिवस नळ कोरडे. शेवटी त्याला रस्त्यात गाठलं.

"भाऊ, पानी कायले नाई आलं?"

"आलं नं जी," तो सायकलीवरून न उतरता म्हणाला. "कॉम्प्युटरात आलं. तुमच्या घरी यायचं बाकी हाये."

तो थट्टा करत नव्हता. आमच्या पाणीपुरवठ्यात नुकतीच अभियांत्रिकी सुधारणा झाली आहे. टाकीत पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसलं, व्हॉल्व्हला मोटर बसली आणि कार्यालयात भिंतीवर एक पडदा लागला. याला स्काडा म्हणतात. पडद्यावर निळी टाकी, हिरवे नळ आणि त्यांतून पळणारे बाण दिसतात. पहिल्याच पावसाळ्यात वीज कडाडली आणि मोटरचा धूर झाला. पण पडदा स्वभावानं एकनिष्ठ निघाला. मोटर गेली त्या घडीला त्यानं जे पाहिलं, तेच तो आजतागायत दाखवतो. म्हणून कार्यालयात टाकी कायम भरलेली असते. तपासणीला आलेले साहेब पडदा बघतात, चहा पितात, शेरा लिहितात. भाऊ पूर्वीसारखाच चिखलानं भरलेल्या चेंबरमध्ये हात घालून चावी फिरवतो. फरक एवढाच की आता त्या कामाला 'मॅन्युअल ओव्हरराइड' असं नाव मिळालं आहे.

तसं आमचं गाव पाण्याच्या बाबतीत त्रिशंकूच्या गोत्राचं. २०१५ च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यातली तालुक्याची गावं एकामागून एक नगरपंचायती झाली, तेव्हा आम्हीही शहर झालो. त्याच वर्षी दिल्लीत अमृत योजना निघाली. अमृत म्हटल्यावर आम्ही पंगतीत जाऊन बसलो, तर वाढप्या म्हणाला, एक लाखाच्या वर डोकी असलेली शहरंच घ्या. चंद्रपूरला वाढलं, आम्हाला उठवलं. २०१९ साली 'हर घर जल' आलं. तिथं धावत गेलो, तर ते फक्त खेड्यांसाठी. पुन्हा खेडं व्हायची सोय कायद्यात सापडली नाही. २०२१ च्या दुसऱ्या अमृतात एकदाचं सगळ्या शहरांना दार उघडलं, तोवर आमची पाण्याची फाईल दोनदा भिजून वाळली होती.

या धावपळीत तहानेचं सरकारी मापही कळलं. खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर. शहरातल्याला, त्याच्या शहरात भुयारी गटार नसेल तर ७०. गटार असेल तर १३५. म्हणजे माणसाची तहान घशावर ठरत नाही, गटारावर ठरते. आमच्याकडे गटार उघडं आहे. आणखी थोडं उघडं केलं तर किती लिटर वाढतील, अशी विचारणा मी अर्जाद्वारे केली आहे.

अर्जात मी दुसरीही एक गोष्ट लिहिली होती. ती कोणी वाचली नसावी. चौकात, पानठेल्यासमोर, एक गळती आहे. माझी धाकटी मुलगी बालवाडीत जात होती तेव्हापासून. मुलगी आता दहावीला आहे. गळतीची प्रगतीही चांगली आहे. पंक्चरवाला तिथं ट्यूब बुडवून बुडबुडे बघतो, म्हशी दुपारी टेकतात, आणि तिच्या ओलीवर एक आळूचं बन उभं राहिलं आहे, ज्याच्या पानांच्या वड्या मी स्वतः खाल्ल्या आहेत. दुरुस्तीला एक क्लॅम्प, रबराचा तुकडा आणि भावाचा अर्धा दिवस लागेल. पण दुरुस्त करून दिसणार काय? कोरडा रस्ता. कोरड्या रस्त्याची फीत कशी कापणार? त्याच्यापुढं नारळ फोडून फोटो काढला तर मागं काय येणार, पानठेला?

टाकीचं तसं नाही. टाकी उंच असते, लांबून दिसते, तिच्यावर नाव रंगवता येतं. म्हणून आमच्याकडे सुधारणा म्हटली की पहिली टाकी उभी राहते. सध्या दोन आहेत. एकीला नळ जोडायचा राहिला आहे. दुसरीला नळ आहे, पण तिच्यात पाणी चढवायला पंपाला जोर नाही. तिसरी प्रस्तावित आहे.

एका तरुण अभियंत्यानं, बिचारा बदलीवर आला होता, वेगळंच काही सुचवलं होतं. तो म्हणाला, आधी गावाचे चढ-उताराप्रमाणे भाग पाडा. प्रत्येक भागाच्या तोंडावर एक मीटर लावा. रात्री दोन वाजता, सगळं गाव झोपलेलं असताना, मीटर वाचा. घरोघरचे नळ बंद असतात, तेव्हा जे पाणी फिरतं ती बहुतेक गळतीच. ती शोधा, बुजवा, मग टाकीचं बघू. जगभर पाण्याची गळती अशीच पकडतात म्हणे. सभेनं दोन आक्षेप घेतले. पहिला, या कामात उद्घाटन कुठं बसतं ते स्पष्ट नाही. दुसरा, रात्री दोन वाजता गाव झोपलेलं असतं ही माहिती चुकीची आहे. त्या वेळी रेतीचे ट्रॅक्टर चालतात.

दुसरा आक्षेप खरा होता. वैनगंगेची रेती जाते, पात्र खाली बसतं आणि जॅकवेलचं तोंड वर राहतं. नदीत पाणी असतं, विहिरीत नसतं. मग दर उन्हाळ्यात जेसीबी लावून पात्रात चर खणायचा आणि नदीला हाताला धरून विहिरीपाशी आणायचं. येणारं पाणीही एकट्या वैनगंगेचं नसतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं. उपराजधानीशी आमचा एवढा एकच थेट संबंध उरला आहे. खाली सिरोंच्याला जाऊन बघा. प्राणहिता आणि गोदावरी दोघी उंबऱ्याशी, आणि २०१९ साली शेजाऱ्यांनी मेडिगड्ड्याला ८५ दारांचा बॅरेज बांधून पाणी उचलून तेलंगणात नेण्याची सोय केली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे खांब खचले. म्हणजे मोठ्या कामातही सुधारणेला वाव असतो. आम्हीच उगाच न्यूनगंड बाळगतो.

चंद्रपूरकरांचं दुःख आणखी मोठ्या मापाचं आहे. त्यांचं इरई धरण मुळात औष्णिक वीज केंद्रासाठी. शहर त्यातच तोंड लावून पितं. २०१० च्या उन्हाळ्यात धरण इतकं आटलं की पाण्याअभावी वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. पाणी नसेल तर वीज नाही, वीज नसेल तर पंप नाही, पंप नसेल तर पाणी नाही. असं पूर्ण वर्तुळ इतक्या सुबकपणे इतर कोणत्या शहरानं काढल्याचं मला आठवत नाही. मे महिन्यात ४७ अंशांत टँकरमागं धावायचं आणि जुलैत, २०२२ सारखा पूर आला, तर त्याच गल्लीतून नावेत बसून निघायचं.

मग पाणी नीट मिळतं तरी कुठं, म्हणून विचाराल तर कऱ्हाडशेजारी मलकापूर आहे. आमच्यासारखंच छोटं गाव. तिथं २००९ च्या सुमारास जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी कोयनेचं पाणी चोवीस तास द्यायला सुरुवात केली. न गळणारे प्लॅस्टिकचे नळ, दर घराला मीटर, जास्त वापराल तसा चढता दर. बारा महिने नळ भरलेला, त्यामुळं गटाराचं पाणी आत शिरत नाही. आमच्याकडे पुरवठा बंद झाला की रिकामा नळ जवळचं जे मिळेल ते ओढून घेतो, वरून टुल्लू पंप त्याला मदत करतात. मलकापुरात कोणी साठवतच नाही, म्हणून 'कालचं शिळं झालं' म्हणत गुंडभर पाणी कोणी सांदवाडीत ओतत नाही. आमचं अभ्यासमंडळ तिकडं गेलं होतं. कऱ्हाडहून महाबळेश्वर जवळच. परतल्यावर अहवालात स्ट्रॉबेरीचा दर्जा उत्तम असल्याचं नमूद आहे.

खरं तर अभ्यासाला इतकं लांब जायची गरज नव्हती. गोंड राजांच्या काळी, जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असा रिवाज होता. तशा वसवलेल्या गावांना तुकूम म्हणत. चंद्रपुरातली तुकूम वस्ती अजून ते नाव सांभाळून आहे. कोहळी समाजानं झाडीपट्टीत असे हजारो तलाव बांधले. तलाव फुटला तर बांधणाऱ्याचं पोट फुटायचं, म्हणून पाळीवरची घूस सुद्धा कोणाच्या नजरेतून सुटत नसे. कोणाच्या बांधीत किती पाणी सोडायचं हे गावानं नेमलेला पाणकर बघायचा. त्याच्याकडे पडदा नव्हता. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, माजी मालगुजारीचे 'मामा तलाव' झाले. मामाच्या घरची दुरुस्ती भाच्यानं कशाला करावी, असं बहुधा सगळ्यांना वाटलं असावं.

भावाला मी हे पाणकराचं सांगितलं. तो बराच वेळ हँडलवर रेलून ऐकत राहिला. मग म्हणाला, "माया आजा होता जी पानकर. तुमी आता सांगून राहिले, म्हनून आठोलं." आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. व्हॉल्व्ह स्वयंचलित झाल्यामुळं त्याचं पद अनावश्यक ठरवण्याचं पत्र होतं. ते पत्र घेऊनच तो वॉर्ड तीनचा व्हॉल्व्ह उघडायला निघाला होता.

पाचव्या दिवशी नळ बोलला. आधी घशात काही अडकल्यासारखा खाकरला, मग सूं करून जोरात वारा सोडला, आणि नवा मीटर गरगर फिरायला लागला. रिकाम्या नळात पाणी शिरताना पुढची हवा ढकलतं, आणि मीटर हवेवरही तितक्याच प्रामाणिकपणे फिरतो. सौ. बादली घेऊन उभी होती. बादलीत दोन बोटं लालसर पाणी पडलं आणि नळ गप्प झाला.

आज बिल आलं. तीन युनिट. मी वाऱ्याबद्दल तक्रार घेऊन खिडकीवर गेलो, तर कारकुनानं पडद्याकडं बोट दाखवलं. आमच्या वॉर्डातून हिरवे बाण पळत होते.