टाकीवरचा आशीर्वाद

नाना पेठेत माझा सल्ला घेतला जातो, यावर आमच्या घरी अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. पोटापाण्यासाठी मी आप्पा बळवंत चौकाच्या आसपास प्रुफं तपासतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणारा माणूस घरात कितपत लाडका असतो, हे वेगळं सांगायला नको. किराण्याच्या यादीवरसुद्धा मी लाल शाई चालवतो, असा माझ्याबद्दल बोलबाला आहे. पण नाना पेठेत, जिथे दुचाकीचा प्रत्येक अवयव सुटा मिळतो, तिथल्या एका रेडियमच्या दुकानात मला स्वतंत्र स्टूल आहे, चहा आहे आणि ‘सर’ ही पदवी आहे. दुकानाच्या उस्तादांना सगळं येतं. फक्त ‘आशीर्वाद’ लिहायची वेळ आली की ते पोराला पिटाळतात, “सरांना बोलाव.”

आशीर्वाद आईचा असो, बाबांचा असो की कुलदैवताचा, गाडीवर चढताना तो हमखास पहिल्या वेलांटीने चढतो. मी दुरुस्ती सुचवली की गिऱ्हाईक मोबाईलवर दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीचा फोटो दाखवतं. “काका, सगळे असंच लिहितात.”

“मग सगळ्यांना मिळालेला आशीर्वादही तेवढाच आखूड असणार,” मी म्हणतो.

उस्ताद मध्ये पडतात. “दुसऱ्या वेलांटीचे जादा पैसे नाहीत हो.” हा मुद्दा मात्र लगेच पटतो.

एके काळी हे सगळं वाङ्मय सपाट जागेवर चालायचं. नंबरप्लेटवरच्या ४१४१ ला जरा बाक दिला की त्याचे ‘दादा’ व्हायचे, २१४ मधून ‘राम’ प्रकटायचा, ८०५५ चा ‘बॉस’ व्हायचा. मग १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झाली, पुढे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही तीच आली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उठावाचे अंक बसले आणि दादांचे पुन्हा ४१४१ झाले. त्याआधी, २०१५ मध्ये, राज्याच्या परिवहन आयुक्तांनी व्यावसायिक गाड्यांच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी आणली होतीच. सपाट जागा अशा एकेक करून हातच्या जायला लागल्यावर कवींनी जायचं कुठे? ते टाकीवर गेले, हेल्मेटवर गेले, मडगार्डवर गेले. थोडक्यात, जिथे जिथे गोलाई आहे तिथे मराठी मजकूर गेला, आणि माझ्या मते त्याची खरी परीक्षा तिथेच सुरू झाली.

कारण आपली शिरोरेखा. इंग्रजी अक्षरं सुटी राहतात, एखादं खालीवर झालं तरी शेजारी तक्रार करत नाही. आपली सगळी अक्षरं एकाच दांडीला टांगलेली. त्यातही संगणकावर प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या रेघेवर जराशी चढलेली असते. ती वेल्ड न करता फाईल प्लॉटरला दिली, तर प्लॉटर प्रामाणिकपणे प्रत्येक सांध्यावरून पातं फिरवतो आणि एकसंध ‘आईचा’ तुकड्या-तुकड्यांत हाती येतो. वेल्ड करून कापलं की दुकानातला पोरगा नको तो भाग सुईने उचलून सोलून काढतो. या सोलण्यात अनुस्वार जातो. दोन मिलीमीटरचं टिंब ते, पोराच्या नखाला लागून चहाच्या कपावर जातं, तिथून कुठेही. ‘संग्राम’चा ‘सग्राम’ आणि ‘नंदिनी’ची ‘नदिनी’ होता होता मी ऐनवेळी वाचवलं आहे. दुकानाच्या टेबलाखाली अशा परागंदा अनुस्वारांची मोठी वस्ती असून, आतापर्यंत एकही स्वतःहून परत आलेला नाही.

अक्षरं शाबूत राहिली की गाठ टाकीशी. टेम्पोचं दार सपाट, तिथे कोणीही स्टिकर लावील. पाण्याच्या टँकरची टाकी गोल दिसते खरी, पण ती एकाच अंगाने गोल. तिला कागद गुंडाळला तर बिनतक्रार बसतो. बुलेटची टाकी पुढून मागेही वळते आणि वरून खालीही. कार्ल फ्रेडरिक गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्येच सिद्ध करून ठेवलंय, की असा दोन्ही अंगांनी फुगलेला पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा चुरगळल्याशिवाय सपाट होत नाही. उलट बाजूनेही तेच. खोटं वाटत असेल त्याने नारळावर पोळी पसरून पाहावी. कितीही मऊसूत असली तरी कडेला चुण्या पडणारच.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने उस्तादांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्या साहेबांनी शेवटी केलं काय? ताणलं का कापलं?”

गणिताचं हे असं आहे. जमणार नाही एवढं सिद्ध केलं की गणितज्ञ जेवायला मोकळा. उस्तादांना संध्याकाळी सातला डिलिव्हरी द्यायची असते.

ताणायचं म्हटलं तर स्टिकरच्या व्हिनाइलची जात बघावी लागते. साधं व्हिनाइल म्हणजे तापलेलं पीव्हीसी रोलरांमधून लाटून केलेलं, साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाडीचं. लाटताना सोसलेला ताण ते अंगात धरून ठेवतं आणि टाकीवर ओढून बसवलं की उन्हात हळूहळू मूळपदावर यायला निघतं. कडा उचलल्या जातात, खालचा गोंद उघडा पडतो, त्यावर धूळ बसते आणि आशीर्वादाला काळी किनार येते. दुसरं कास्ट. ते लाटत नाहीत. द्रव मिश्रण कागदावर ओतून भट्टीत वाळवतात. जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास. जन्मताना त्याला कोणी छळलेलं नसल्यामुळे ते मनात काही ठेवत नाही, गोलाईवर गुमान बसतं. अडचण एवढीच की कास्ट पातळ असूनही महाग आणि साधं जाड असूनही स्वस्त. हा हिशेब पुणेरी गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं हे बुलेटच्या टाकीवर स्टिकर उतरवण्यापेक्षा अवघड. “म्हणजे कमी माल घ्यायचा आणि वर जास्त पैसे द्यायचे?” असं विचारून एका गृहस्थांनी स्वतःच्या बाजूने खटला निकालात काढला होता.

मुळात पीव्हीसी असं लवचीक केलं ते अमेरिकेतल्या वॉल्डो सेमन यांनी, १९२६ मध्ये. रबर धातूला चिकटवायला काहीतरी हवं, म्हणून त्यांची खटपट चालली होती. शोधायला गेले चिकटवणारं आणि हाती लागलं ते, ज्याला धातूवर चिकटवता चिकटवता नाना पेठेची हयात चाललीय.

प्रत्यक्ष काम सुरू होतं ते साबणाच्या पाण्याने, मग कोरडं पुसून स्पिरिटच्या फडक्याने. टाकीवर काय नसतं? दसऱ्याचं हळदकुंकू असतं, हाराचा चीक असतो, मांड्यांनी घासलेली धूळ असते. पण गोंदाचा खरा वैरी म्हणजे पॉलिशमधलं सिलिकॉन. गिऱ्हाईक मात्र आदल्या रात्री खपून टाकीला पॉलिश मारून येतं आणि अभिमानाने सांगतं, “उस्ताद, चकाचक करूनच आणलीय.” उस्ताद मग त्याच्यासमोर पाऊण तास ती चकाकी उतरवतात.

मग मजकुराच्या मधोमध मास्किंग टेपची बिजागरी. एका बाजूचा मागचा कागद सोलायचा, फेल्ट लावलेली पट्टी मधून बाहेर ओढत न्यायची. हा गोंद दाबाने धरतो, तेव्हा हात हलका ठेवून चालत नाही. ‘आईचा’ सरळ बसतो. पुढे ‘आशीर्वाद’ येतो, तिथे टाकी गुडघ्याच्या खोबणीकडे वळते आणि ‘द’च्या पोटाला चुणी पडते. भोवती जमलेल्यांपैकी प्रत्येकाला आता सल्ला द्यायचा असतो. कोणी म्हणतं दाबा, कोणी म्हणतं ब्लेड मारा. उस्ताद ‘द’ परत उचलतात, हीटगनची फुंकर घालतात, आणि चुणी डोळ्यांदेखत विरून फिल्म पुन्हा सपाट होते. मग तिला किंचित ओढून ते अंगठ्याने निजवतात. राहिलेला फुगा टाचणीने टोचायचा, पात्याने नाही. शेवटी ताणलेल्या कडा पुन्हा तापवायच्या, ९० अंशांच्या वर, म्हणजे फिल्म जुना आकार विसरते. हे तापमान मोजायला उस्तादांनी एकदा करोनाच्या काळातलं कपाळावर रोखायचं थर्मामीटर काढलं होतं. टाकीला ताप आहे, एवढंच त्यातून कळलं.

आणि इथे, सगळं बसल्यावर, माझं शास्त्र बसतं. गोलाईवर सरळ म्हणजे काय? बारीक टेप टाकीवर तिच्या मनाने जाऊ दिली, तर ती जवळचा रस्ता धरते आणि बाजूने बघणाऱ्याला कमान दिसते. मुंबईहून अमेरिकेला निघालेलं विमान नकाशावर उत्तरेकडे फुगून जाताना दिसतं ते याच न्यायाने. म्हणजे सरळ लावलेली शिरोरेखा वाकडी दिसणार, आणि सरळ दिसायला हवी असेल तर ती वाकडी लावायला हवी. जन्मभर मी प्रुफाच्या समासात ‘ओळ सरळ करा’ अशी खूण करत आलो. हल्ली उस्तादांच्या प्रुफावर ‘ओळ मध्यभागी दोन मिलीमीटर खाली वाकवा’ असं सही करून लिहून देतो. सरळ रेघ ही कागदाची चैन आहे. टाकीवर तिची समजूत घालावी लागते.

परवा एक तरुण गाडी घेऊन दोन तासांत परत आला. “उस्ताद, रेघ तिरकी आहे.” त्याने पुरावा म्हणून मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप शिरोरेखेला लावून दाखवलं. गाडी साइड स्टँडवर कलती उभी, पुढचं चाक रस्त्याच्या उतारावर. मी गाऊसपासून सुरुवात करणार होतो, पण उस्तादांनी मला हाताने थांबवलं.

“गाडी चालवताना बघ,” ते म्हणाले, “एकदम सरळ दिसेल.”

पोरगा खूश होऊन किक मारायला लागला, तसे ते पुढे म्हणाले, “आणि चालवताना टाकीकडे बघायचं नाही. समोर बघायचं.”