दुसऱ्याच्या पायांनी कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतले पीटर थील त्याहून शहाणे निघाले. ते पायरी चढलेच नाहीत. एका पैलवानाला चढवले आणि स्वतः खाली उभे राहून वकिलांची बिले भरली. 2016 च्या ऑगस्टमध्ये समोरच्याच्या दुकानाला कुलूप लागले.

दुकानाचे नाव गॉकर. निक डेंटन या ब्रिटिश पत्रकाराने न्यूयॉर्कमध्ये थाटलेली ही कुचाळक्यांची वेबसाइट. पत्रकार रात्री ग्लास हातात घेऊन एकमेकांना जे सांगतात आणि सकाळी छापत नाहीत, ते छापायचे, हा धंद्याचा मंत्र. त्यातून कधी खरी बातमीही निघे. टोरंटोच्या महापौरांचा कोकेन ओढतानाचा व्हिडिओ अस्तित्वात आहे, हे 2013 मध्ये जगाला आधी गॉकरने सांगितले. पण एरवी कोणाच्या बेडरूमची खिडकी उघडी आहे, याची चौकशी जास्त.

थील म्हणजे पेपालचे सहसंस्थापक. 2004 मध्ये फेसबुकमध्ये 5 लाख डॉलर घालणारे पहिले बाहेरचे गुंतवणूकदार. गॉकरच्याच व्हॅलीवॅग या भावंडाने डिसेंबर 2007 मध्ये ते समलिंगी असल्याचे ठळक मथळ्यात जाहीर केले. मित्रांना ठाऊक होते, जगाला नव्हते. बातमी खरी होती आणि हीच पंचाईत होती. खऱ्या बातमीवर अब्रूनुकसानीचा दावा टिकत नाही. थील यांनी 2009 मध्ये व्हॅलीवॅगला सिलिकॉन व्हॅलीची अल कायदा म्हणून घेतले. पुढे मात्र बोलणे बंद करून त्यांनी डूख धरला. आपला दावा होत नाही ना, मग ज्याचा होतो असा माणूस शोधायचा.

तो माणूस गॉकरनेच आणून दिला. ऑक्टोबर 2012 मध्ये त्यांनी कुस्तीच्या रिंगणातला हल्क होगन, खरे नाव टेरी बोलिया, याच्या शय्यागृहातल्या चित्रफितीचा 1 मिनिट 41 सेकंदांचा तुकडा वाचकांना दाखवला. मित्राचे घर, मित्राची बायको. आणि आपले चित्रीकरण होत होते हे आपल्याला माहीत नव्हते, असे होगनचे म्हणणे. यात लोकहित काय, हे शोधायला भिंग घेतले तरी सापडले नसते. होगनने दावा लावला आणि फ्लोरिडाच्या न्यायाधीशांनी 2013 मध्ये ते काढायला सांगितले. गॉकरने व्हिडिओ काढला, मजकूर ठेवला आणि आम्ही काढणार नाही, असा मथळा वर चढवला. कोर्टाला वाकुल्या दाखवणाऱ्याने निदान अपिलाचे पैसे तरी बाजूला ठेवावेत!

साक्षीच्या वेळी तर कहर झाला. एखाद्या नामवंताची अशी चित्रफीत बातमी ठरणार नाही असे कधी होईल का, असे माजी संपादकाला विचारले. ते मूल असेल तर, हे उत्तर. किती वर्षांचे? चार. नंतर म्हणे ते उपरोधाने होते. आम्ही उपरोधावरच पोट भरतो, म्हणून सांगतो: शपथेवर उपरोध करू नये. ज्यूरीने मार्च 2016 मध्ये आधी साडेअकरा कोटी डॉलर भरपाई ठोठावली आणि वर अडीच कोटी दंड. एकूण 14 कोटी डॉलर.

इथवर गोष्ट सरळ आहे. दुसऱ्याची अंथरुणे चव्हाट्यावर मांडणारा हरला, बरे झाले. गॉकरसाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही.

पण खटल्यात एक गोष्ट डेंटनना खटकत होती. होगनच्या वकिलांनी दाव्यातला असा एक मुद्दा स्वतःहून सोडून दिला, की ज्यामुळे गॉकरची विमा कंपनी पैसे द्यायला बांधली गेली असती. ज्याला भरपाई हवी असते, तो विमा कंपनीला कधी सोडतो का? पैसे तिच्याकडेच असतात. तिला सोडायचे कारण एकच: भार थेट गॉकरच्या मानेवर पडावा. म्हणजे या दाव्यात कोणाला तरी भरपाईपेक्षा मान हवी होती.

तो कोणीतरी मे 2016 मध्ये उजेडात आला, तोही निकालानंतर. फोर्ब्सने नाव फोडले आणि थील यांनी न्यूयॉर्क टाइम्सला कबुली दिली: खर्च सुमारे 1 कोटी डॉलर. हा सूड नाही, जरब आहे. शिवाय आपण केलेल्या मोठ्या परोपकारांपैकी एक आहे, असेही सांगितले. लोक धर्मशाळा बांधतात, पाणपोया घालतात. साहेबांनी वकील घातले. ज्या 2012 मध्ये गॉकरने ती चित्रफीत टाकली, त्याच वर्षी थील यांनी फेसबुकचे शेअर विकून 100 कोटी डॉलरहून अधिक उचलले होते. त्यातला शंभरावा हिस्सा परोपकाराला जाणे म्हणजे फार नाही.

कबुलीच्याच वर्षी, 31 ऑक्टोबर 2016 ला, वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये त्यांनी आपली बाजू मांडली. होगनसारख्या एक अंकी मिलियनेरला आपल्या न्यायव्यवस्थेत खऱ्या अर्थाने प्रवेशच नाही, असे ते म्हणाले. म्हणजे ज्याच्या गाठीला 10 ते 90 लाख डॉलर आहेत, तो बिचारा कोर्टाच्या दाराबाहेर! टीका म्हणून कोणी म्हटले असते तर टाळ्या पडल्या असत्या. इथे ते दरपत्रक होते. एक अंकीवाला बाहेर, तर ज्याच्याकडे अंकच नाहीत त्याने कुठे उभे राहायचे, हे साहेबांनी सांगितले नाही.

दरपत्रकाचा दुसरा भाग अपिलाचा. फ्लोरिडात भरपाईची वसुली थांबवून अपील करायचे तर अनामत भरावी लागते. कायद्याने तिची कमाल मर्यादा 5 कोटी डॉलर. गॉकरकडे तेवढे नव्हते. 10 जूनला कंपनी दिवाळखोरीत, 1 ऑगस्टला डेंटन स्वतः. लिलावात युनिव्हिजन या माध्यम कंपनीने साडेतेरा कोटी डॉलरला बाकीच्या वेबसाइट घेतल्या. गॉकर मात्र चालवायला कोणी तयार नव्हते. 22 ऑगस्टला ती बंद. नोव्हेंबरमध्ये होगनशी 3 कोटी 10 लाख डॉलरवर तडजोड. 14 कोटींचा निकाल बरोबर की चूक, हे वरच्या कोर्टाने कधी तपासलेच नाही. आणि जरब म्हणाल तर लगेच बसली: नव्या मालकाने आल्या आल्या दाव्यांत अडकलेले 6 लेख पुसून टाकले.

अपिलाची किंमत आपल्यालाही नवी नाही. 2008 मध्ये टाइम्स नाऊने एका घोटाळ्याच्या बातमीत चुकून न्या. पी. बी. सावंत यांचे छायाचित्र सुमारे 15 सेकंद दाखवले. 2011 मध्ये पुण्याच्या कोर्टाने 100 कोटी रुपयांची भरपाई लावली. अपिलासाठी मुंबई उच्च न्यायालयाने 20 कोटी जमा करायला आणि 80 कोटींची बँक हमी द्यायला सांगितले; सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. न्यायमूर्तींची तक्रार खरी होती आणि फिर्यादी समोर उभा होता. वाहिनीच्या मागेही टाइम्स समूह होता, म्हणून ती टिकली. जिल्ह्याच्या गावी चार पानांचे दैनिक काढणाऱ्याचा विचार करून पाहा. त्याचे अपील बँकेच्या काउंटरवरच फेटाळले जाईल.

आता आपल्या घरचा कायदा. परक्याच्या दाव्यात पैसे घालणे जुन्या इंग्रजी कायद्यात गुन्हा होता. भारतात ते सरसकट बेकायदा नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने 1876 मध्येच सांगितले. गरिबाला कोणी सावकार उभा राहिल्याशिवाय जमिनीचा दावा लढता येत नाही, हे व्यवहारज्ञान त्यामागे होते. वकिलाने स्वतः पैसे घालायचे नाहीत, बाकीच्यांना मोकळीक, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये म्हटले. महाराष्ट्राने तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 25 मध्ये दुरुस्ती करून पैसे पुरवणाऱ्याची दखलच घेतली. दाव्यातल्या मालमत्तेत हिस्सा घेऊन कोणी पैसे पुरवत असेल, तर कोर्ट त्याला दाव्यात ओढू शकते, त्याच्याकडून खर्चाची हमी मागू शकते.

चांगला नियम आहे. फक्त एक फट राहिली आहे. हिस्सा घेणारा सापडतो. ज्याला हिस्सा नकोच, समोरच्याचा कायमचा निकाल लावायचा आहे, तो सुटतो. नफ्यासाठी पैसे घालणाऱ्याने हमी द्यावी आणि डूख धरून घालणाऱ्याने परोपकारी म्हणून मिरवावे, हा कोणता न्याय?

म्हणून विधिमंडळाला एकच सुचवणे. संपादक, पत्रकार वा प्रकाशकावर दावा आला, की पहिल्याच तारखेला वादीकडून शपथेवर लिहून घ्या: वकिलांची फी कोण भरते? स्वतः भरत असेल तर दावा खुशाल चालवा. दुसरा भरत असेल तर तेही चालेल. फक्त त्याचे नाव वादीच्या खाली लिहा आणि त्याला कोर्टात हजर राहायला सांगा. कुचाळक्या करणाऱ्याला शिक्षा जरूर व्हावी. पण शिक्षा मागणाऱ्याने तोंड लपवू नये.