नावकाका

प्रत्येक गोतावळ्यात एक नावकाका असतात. ते सख्खे काका असतीलच असं नाही. कधी ते बाळंतिणीचे मामा असतात, कधी बाळाच्या आजोबांचे ऑफिसातले जुने हेडक्लार्क, तर कधी सोसायटीत तळमजल्यावर राहणारे नुसतेच शेजारी. बाळाचं वजन किती भरलं हे आजीला कळायच्या आत ते प्रसूतिगृहात हजर होतात. डिंकाचे लाडू आणि अळीव आणणारी माणसं वेगळी. यांच्या पिशवीत कुठल्याशा बँकेची जुनी डायरी असते, आणि तीत अ पासून ज्ञ पर्यंत मुलांची नावं.

"मग, नाव काय ठरवलंय?"

"नील," बाळाचा बाप उत्साहानं सांगतो.

"ते हाक मारायला झालं. नाव काय?"

झालं. इथून बारशापर्यंत त्या घराला झोप नाही.

नावकाकांचा सिद्धान्त सोपा आहे. माणसाला नावं दोन लागतात, एक घरात आणि एक कागदावर. नुसतं 'नील' एवढ्यावर पोराला जगात पाठवणं म्हणजे त्याला बनियनवर लग्नाला नेणं. "उद्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाला तर?" ते बापाला विचारतात. बाप पाच मिनिटांपूर्वी लंगोट बांधायला शिकलेला असतो. त्यानं हायकोर्टापर्यंत विचार केलेला नसतो.

वास्तविक आपल्याकडे हे सगळं उलट्या क्रमानं चालायचं. आधी भारदस्त नाव ठेवलं जायचं, मग हाक सापडायची. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची पद्धत होती आणि सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशीही पद्धत होती. दोन्ही एकत्र आल्या की त्या माउलीला स्वतःच्याच पोराला हाक मारता येईना. म्हणून घरोघरी बाळ, बाबा, दादा, नाना, अप्पा तयार झाले. आता सुनेला सासऱ्याचं नाव घ्यायला कुणी अडवत नाही आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायला कुणी तयार नाही. हाक मात्र पोर पोटात असतानाच फॅमिली ग्रुपवर पक्की होते. मग त्या हाकेला साजेसं नाव शोधायची वेळ येते, आणि नावकाकांचा धंदा तेजीत येतो. धंदा म्हणायचा एवढंच. मोबदला दोन चहा आणि पेढा.

डायरीचं 'नी'चं पान उघडतं. "नीलकंठ!" आजीचे हात आपोआप जोडले जातात. बाळाची आई उशीवरून मान उचलून म्हणते, "काका, नीलकंठ म्हटलं की मला पेन्शनच्या रांगेतले गृहस्थ दिसतात." नीलेश सुचतो, पण बापाच्या वर्गात तीन नीलेश होते आणि त्यातल्या एकाकडून अजून पैसे यायचे आहेत. नीलमाधव ऐकून मामा विचारतो, "हा ओडिशात राहणार आहे का?" स्वप्नील आणि सुनील हे नावकाकांनी ओढूनताणून आणलेले उमेदवार. त्यांचं डिपॉझिट जागेवरच जप्त होतं. शेवटी उरतो इंद्रनील. नाव ऐकून खोलीत क्षणभर आदर पसरतो. तेवढ्यात बाळाचा शाळकरी आत्तेभाऊ खिडकीतून म्हणतो, "म्हणजे शाळेत इंदू."

त्याला बिस्किटं देऊन बाहेर पाठवण्यात येतं.

नावकाका हरत नाहीत. ते पंचांग काढतात. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, मिळून १०८ अक्षरं. त्यातलं बाळाचं अक्षर कोणतं? इथे ते स्वतःच अडचणीत येतात. हस्ताच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर आहे 'ण'. आर्द्रेच्या तिसऱ्याचं 'ङ'. उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याचं 'ञ'. मराठीत या अक्षरांवरून नाव ठेवायचं तर बाळाला आधी आजन्म सर्दी व्हावी लागेल. आपलं बाळ नेमकं 'ण'चं निघतं. नावकाका चष्मा पुसतात आणि "ण म्हणजे तसा नच," असा निर्णय देतात. पंचांगही मग मुकाट्यानं 'न'कडे वळतं.

त्यानंतर आद्याक्षरांची तपासणी. नावकाकांच्या मते निम्म्या आयुष्यांचं वाटोळं आद्याक्षरांनी केलं आहे. वडील काशिनाथ असतील तर मुलाचं नाव चुकूनही हेमंत ठेवू नये, हे. का. म्हणून सही करणारं पोरगं आणखी काय धरून बसणार? हा मुद्दा सगळ्यांना पटतो. नावकाकांचा तेवढाच एक मुद्दा दरवेळी पटतो.

खरी गंमत बारशाच्या आदल्या दिवशी होते. गुरुजी यादी द्यायला येतात. नावकाका त्यांच्याकडून शास्त्राचा आधार मागतात. गुरुजी सांगतात, देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी चार नावं असतात. व्यवहाराचं नाव मुलाच्या बाबतीत सम अक्षरांचं हवं, दोन किंवा चार, असं गृह्यसूत्रांत आहे. "दोन?" बाळाची आई पाळण्याजवळून विचारते. "दोन," गुरुजी म्हणतात. नी आणि ल. ज्या शास्त्राच्या नावानं गेले अकरा दिवस घर वेठीला धरलं, ते शास्त्र सुनेच्या बाजूनं साक्ष देऊन मोकळं होतं.

"चारही चालतात ना पण?" नावकाका क्षीण आवाजात विचारतात.

"चालतात की." गुरुजींना दोन्ही बाजूंकडून दक्षिणा घ्यायची असते.

मग फॉर्म येतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं आहे. इंद्रनीलपुढे आईची चार अक्षरं, वडिलांची चार आणि 'कर'नं संपणारं ऐसपैस आडनाव जोडलं की परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव लिहून होईपर्यंत पहिली घंटा व्हायची. नावकाकांना त्याचं काही वाटत नाही. त्यांचं स्वतःचं कागदोपत्री नाव पुरुषोत्तम आहे. आधारवर त्याचं स्पेलिंग एक, पॅनवर दुसरं, आणि बँकेत चौकटी संपल्यामुळे शेवटचा 'एम' बेपत्ता. तिन्ही पुरुषोत्तम एकच आहेत हे सिद्ध करणारं प्रतिज्ञापत्र ते डायरीतच ठेवतात. गल्ली त्यांना पूर्वी पुर्ष्या म्हणायची.

हाच तो नियम, जो त्यांच्या डायरीत नाही. मराठी माणसाच्या तोंडात लांब नाव टिकत नाही. अविनाशचा अव्या होतो, मनोहरचा मन्या आणि श्रीकांत, श्रीधर, श्रीपाद, श्रीरंग या चौघांचा मिळून एक शिऱ्या. उलट, हाक मात्र चिवट असते. लोकमान्यांचं नाव ठेवलं होतं केशव. घरी म्हणायचे बाळ, आणि इतिहासानं लिहिलं बाळ गंगाधर टिळक. जगन्नाथ शंकरशेट सगळ्या मुंबईचे नाना झाले. आनंदवन उभारणाऱ्या मुरलीधर देवीदास आमट्यांना आईवडील लहानपणी बाबा म्हणत. जगानंही तेच म्हटलं. यांतल्या कुणाचंही काम हाक छोटी म्हणून अडलं नाही.

बारशाला आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि जे सांगितलं ते ऐकायला नावकाका पुढे वाकले होते. पण आत्या नाव सांगते ते बाळाला, नावकाकांना नाही. जोरात जाहीर झालं, "इंद्रनील!" टाळ्या पडल्या. पुढच्याच क्षणी पाळणा हलवताना स्वतः नावकाका म्हणाले, "नील, ए नील, इकडे बघ."

तेव्हा तुमच्याही घरात पाळणा हलणार असेल तर नावकाकांना टाळू नका. त्यांच्याइतकं तुमच्या बाळाच्या हायकोर्टाची काळजी करणारं दुसरं कुणी भेटणार नाही. चहा द्या, डायरी ऐका. घाईही करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण तीत नाव नसलं तर ते वर्षभर विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. मात्र एकदा घालाल ते सगळ्या कागदांवर एकाच स्पेलिंगनं घाला. आणि रात्री तीन वाजता पोर रडायला लागल्यावर तुमच्या तोंडून जे नाव निघतं, तेच दाखल्यावर लिहायला बिचकू नका.