पोकळ आहे, साहेब!

मिस्त्री पहिल्या दिवशी चपला दाराबाहेर काढून घरात येतो. नंतर काही दिवसांनी अशी वेळ येते की आपल्याच घरात आपल्यालाच चपला घातल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. हे ज्यांनी भोगलेलं नाही त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

मुलुंड पूर्वेचा आमचा वन बीएचके विकायला काढायचा ठरला तेव्हा ब्रोकर म्हणाला, "आधी जरा हात फिरवून घ्या. पार्टी आली की घर फ्रेश दिसलं पाहिजे." हात फिरवायचा म्हणजे रंग आणि मोरीतली एक गळती, एवढाच आमचा हिशेब होता. त्यासाठी मिस्त्री आले. संगमेश्वरकडचे, पन्नाशी उलटलेले, कानावर पेन्सिल. पाणी प्यायले, ग्लास टेबलावर ठेवला आणि टेबलच वाजवून पाहिलं. मग उठून मधल्या बोटाच्या पेराने भिंत वाजवली. टक टक. मान तिरकी, डोळे अर्धवट मिटलेले.

"पोकळ आहे, साहेब."

मोरीतली लादी वाजवली: पोकळ. ओट्यामागची टाइल: पोकळ. खिडकीखालचा गिलावा: "हा कधीच सुटलाय, नुसत्या रंगाने धरून ठेवलाय." बेडरूमचं दार वाजवून त्यांनी सुस्कारा सोडला. मी म्हटलं, "अहो, ते फ्लश डोअर आहे. आतून पोकळच आहे ते."

"तेच म्हणतोय मी."

जाताजाता फ्रिजही वाजवला. आमचे मामा पायाला प्लास्टर घालून कोचावर बसले होते. मिस्त्रींची नजर दुसऱ्यांदा त्या पायाकडे वळली तेव्हा हिने घाईघाईने चहा पुढे केला.

या टकटकीमागे शास्त्र आहे, हे मान्य करायला हवं. लादीखाली माल पूर्ण पसरलेला असेल तर आवाज ठस्स येतो, हवा राहिली असेल तर ठण्ण. जुनी मोझॅक लादी पाण्यात भिजवून सिमेंटच्या रबडीवर बसवली की धरायची. हल्लीची व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी पिते. तिला साधं सिमेंट नीट धरत नाही, केमिकल लागतं, आणि तेही कोपऱ्यांपर्यंत ओढावं लागतं. घाईतला कारागीर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक गोळा ठेवतो, वरून टाइल दाबतो, की झालं. एक दिवस गॅसचा सिलिंडर जरा जोरात टेकतो आणि तडा जातो. आमची मोरी फोडल्यावर मिस्त्रींनी खालचे ते गोळे मला वाकून बघायला लावले. "कोणी केलंय हे? गवंडी होता का हलवाई?"

एस्टिमेट त्यांनी हॉलच्या भिंतीवर लिहिलं, स्विचबोर्डच्या जरा वर, पेन्सिलने. केमिकल, बिगारी, राबिट, वरखर्च; खाली दोन रेघा आणि बेरीज. मी कागद पुढे केला तर म्हणाले, "कागद हरवतो, साहेब. भिंत कुठे जाते?" यथावकाश त्या भिंतीवर लांबी भरली गेली, प्रायमर बसला, रंगाचे दोन हात झाले, आणि मग हिशेबाची वेळ आली. "भिंतीवर लिहिलंय की!" मिस्त्री शांतपणे म्हणाले. त्यांच्या लक्षात राहिलेली बेरीज माझ्या बेरजेपेक्षा बरीच मोठी होती.

त्यांच्या हाताखाली सगळा देश. टाइलवाला राजस्थानचा, पीओपीवाला बंगालचा, रंगारी यूपीचा, बिगारी सकाळी नाक्यावरून उचललेले. प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. त्या जिल्ह्याने देशभर इतके प्लंबर पाठवलेत की आमचा तो कुठल्याही बिल्डिंगमध्ये गेला तरी त्याला गाववाला भेटे आणि काम तिथेच थांबे. स्वतः मिस्त्री फक्त वाजवत.

कामाच्या दणदणाटाने हैराण होऊन खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा तणतणत वर आल्या. मिस्त्री हात जोडून त्यांच्याबरोबर खाली गेले, माफी मागितली, आणि माफी मागतामागता त्यांची नजर छताकडे गेली. मॉपच्या दांड्याने टक टक. "काकू, स्लॅबचं प्लास्टर पोकळ आहे. डोक्यावर नको यायला." दुसऱ्या दिवसापासून आमचं काम बंद आणि काकूंचं सुरू. मग सेक्रेटरी आले, नियमांचा कागद घेऊन: दुपारी दोन ते चार तोडफोड नाही, राबिट लिफ्टमधून न्यायची नाही. मिस्त्रींनी अदबीने ऐकून घेतलं आणि बोलताबोलता जिन्यातली भिंत वाजवली. सेक्रेटरींचा चेहरा पडला. पुढच्या आठवड्यात सोसायटीने कोटेशन मागवलं.

या काळात आमचा नवा कमोड हॉलमध्ये टीव्हीखाली उभा होता. बिगारी त्याच्या झाकणावर डबा ठेवून जेवत. "गणपतीच्या आधी हातात देतो," असा मिस्त्रींचा शब्द होता. कुठल्या वर्षीचे गणपती, ते आम्ही विचारलं नव्हतं. ते स्वतः मात्र वेळेवर कोकणात गेले.

शेवटी पार्टी आली. नवराबायकोने घर पाहिलं, मोरी पाहिली, "टाइल्स छान आहेत हं" म्हणाले आणि भाव एका पैशाने वाढवला नाही. "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच ना? आता एक्कावन्न टक्क्यांत काम होतं." खरं होतं. ४ जुलै २०१९च्या सरकारी आदेशाने पुनर्विकासासाठी लागणारी संमती ५१ टक्क्यांवर आणली, तेव्हापासून मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत जुन्या बिल्डिंगमधलं घर कोणी घर म्हणून बघतच नाही. घेणारा पुढे मिळणाऱ्या जादा कार्पेटचे पैसे मोजतो. आमच्या लाद्या त्यात कुठे बसत नव्हत्या.

हे मिस्त्रींना सांगितलं तेव्हा पॅसेजमधल्या शेवटच्या टाइल्स बसत होत्या. "म्हणजे लाद्यापण जाणार?" त्यांनी विचारलं. "त्यापण." ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने खाली बसले आणि ओळीने टाइल्स वाजवत निघाले. ठस्स, ठस्स, ठस्स, ठण्ण. राजस्थानी कारागिराला हाक मारली, चांगला झापला, आणि ती टाइल स्वतः छिन्नी लावून काढली. केमिकल खरवडलं, नवीन पसरलं, दुसरी टाइल बसवली. भिंतीलगतची, दारामागची टाइल होती ती. तिच्यावर आयुष्यात कोणाचा पाय पडला नसता.

"अहो, आता कशाला? पाडायचीच आहे बिल्डिंग."

"वाजत होती," ते म्हणाले. त्या टाइलचे पैसे त्यांनी लावले नाहीत. बाकी सगळ्याचे लावले.

निघताना सांगत होते, नवघर रोडच्या किती बिल्डिंगांत त्यांनी उमेदवारीत लाद्या बसवल्या. बिल्डिंगची नावं त्यांना आठवत नाहीत, आतली लादी आठवते. त्यातल्या काहींना आता पत्रे लागलेत, काहींच्या जागी टॉवर उभे आहेत. हे सगळं त्यांनी बसभाडं सांगावं तशा सुरात सांगितलं आणि उरलेले पैसे मागितले.

पुढे घोडबंदर रोडच्या आमच्या नव्या घराचा ताबा घ्यायला त्यांना मुद्दाम बरोबर नेलं. टॉवर मायवान तंत्राचा, म्हणजे भिंती सगळ्या काँक्रीटच्या, ना वीट ना गिलावा. मिस्त्रींनी हॉलची भिंत वाजवली, बेडरूमची वाजवली, मग बोट चोळत उभे राहिले. भिंत काही बोलेना. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी खाली वाकून फरशी वाजवली.

"पोकळ आहे, साहेब!" अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं.

एकट्या हॉलमध्ये अकरा टाइल्स निघाल्या. बिल्डरला लेखी कळवलंय. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत कामातला दोष दाखवून दिला तर तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. तेव्हा नव्या घराचा ताबा घ्यायला जाल तर किल्ली हातात घेण्याआधी एखादा मिस्त्री बरोबर न्या. लिहायला कागद मात्र तुमचा न्या.