ही सोडूया, मागची येतेय

फाल्कन-९ नावाचं रॉकेट रॉकेलवर उडतं हे कळल्यापासून मला त्याच्याविषयी घरगुती जिव्हाळा वाटू लागला आहे. रेशनच्या दुकानात मिळायचं तसलं निळं, वासानेच ओळखू येणारं रॉकेल ते नव्हे. ते चांगलं शुद्ध करून घेतलेलं असतं आणि त्याच्या जोडीला उणे २०० अंशांच्याही खाली गारठवलेला द्रवरूप ऑक्सिजन लागतो. पण जात रॉकेलचीच. ज्या पिढीचं अर्धं बालपण अंबरनाथच्या रेशन दुकानापुढे डबा घेऊन उभं राहण्यात गेलं, तिला अवकाशयुगात शिरायला एवढी ओळख पुरे आहे. आमच्या घरी पितळी स्टोव्ह होता आणि तो पेटवणं हा आईचा रोजचा गंभीर विधी होता. आधी बर्नरला पिन, मग टाकीच्या झाकणाचा वायसर बोटाने दाबून बघायचा, मग वाटीत काकडा, आणि बर्नर पुरेसा तापला की मगच पंप. काडेपेटी अर्थातच गावच्या विमकोची. तिच्यात काडीचं गूल एकीकडे आणि फॉस्फरस पेटीच्या कडेला, म्हणजे दोघांची गाठ आपण ठरवू तेव्हाच पडणार. सुरक्षिततेचं सगळं शास्त्र त्या पाव रुपयाच्या वस्तूत बसवलेलं होतं. एखाद्या सकाळी वायसरजवळ रॉकेलचा थेंब दिसला की आई हात पुसून म्हणायची, "आज नको." वडील चहाशिवाय पहिल्या पाळीला जायचे. जाताना कुरकुरायचे, पण तिचा निर्णय त्यांनी फिरवल्याचं मला आठवत नाही.

तिचा आणखी एक नियम होता: स्टोव्हमध्ये रॉकेल भरताना पोरांनी स्वयंपाकघरात थांबायचं नाही. फाल्कनवाले नेमकं याच्या उलट करतात. आधी माणसांना वर नेऊन कुपीत बसवतात, पट्टे आवळतात, दार लावतात, आणि उड्डाणाला अर्धा-पाऊण तास उरला की खाली इंधन भरायला घेतात. अपोलोच्या काळात आधी टाक्या भरत आणि मग माणसं चढत. म्हणूनच ही नवी पद्धत निघाली तेव्हा अपोलो-१० मधून चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेल्या थॉमस स्टॅफर्ड यांच्या समितीने जोरदार हरकत घेतली होती. त्यावरचं उत्तर असं, की ऑक्सिजन जितका गार तितका टाकीत जास्त मावतो, पण तो फार वेळ गार राहत नाही, म्हणून आयत्या वेळीच भरावा लागतो. आणि भरायला सुरुवात होण्याआधीच कुपीची सुटका यंत्रणा सज्ज केलेली असते. खाली भडका उडालाच तर कुपीची आठ इंजिनं पेटून ती माणसांसकट दूर फेकली जाते. नासाने पुष्कळ विचार करून हे मान्य केलं. आईने केलं असतं असं मला वाटत नाही. आठ काय, अठ्ठावीस इंजिनं दाखवली असती तरी ती म्हणाली असती, "पण आधी पोरांना बाहेर काढा."

हा सगळा अभ्यास मी बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये केला. आमचा एक गट आहे. म्हणजे दोन बाकांवर आठ माणसं आणि त्यांच्या मांड्यांवर शक्य तितक्या बॅगा. त्यातले उल्हासनगरचे काका उलट दिशेने बदलापूरला येतात आणि त्याच गाडीत बसून राहतात. बदलापूरकरांना ही घुसखोरी मनापासून अमान्य आहे, पण काका गटात आल्यापासून ती तात्त्विक पातळीवरच उरली आहे. फाळणीनंतर त्यांचे वडील कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकीत उतरले. पुढे १९४९ साली त्या कॅम्पाचं नाव उल्हासनगर झालं आणि काका तिथेच जन्मले. कापडाचा धंदा असल्यामुळे कुठल्याही गोष्टीतला धोका ते टक्क्यांत मोजतात. अंतराळवीर दगावण्याची शक्यता २७० उड्डाणांत एकाहून जास्त नसावी अशी नासाची या नव्या यानांसाठी अट आहे, असं मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, "साई, ह्या भावात मी उधारीवर माल देत नाय."

असे आकडे कोण सांगतो यावरही बरंच अवलंबून असतं. १९८६ साली चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. चौकशी समितीतले रिचर्ड फाइनमन हे भौतिकशास्त्रज्ञ नासात प्रत्येकाला धोक्याचं प्रमाण विचारत फिरले. वरच्या साहेबलोकांनी सांगितलं, लाखात एक. प्रत्यक्ष इंजिनांवर काम करणाऱ्यांनी सांगितलं, शंभरात एक. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या गावात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. फिटर आणि मॅनेजर यांच्या आकड्यांत दोन-तीन शून्यांचा फरक असायचाच. शटलची उड्डाणं १३५ झाली, त्यातली दोन यानं गेली, चौदा माणसं गेली. फिटरांचा अंदाज बराच जवळ निघाला.

तर २०२५ च्या उन्हाळ्यात शुभांशु शुक्ला याच फाल्कनवरून अंतराळ स्थानकाकडे निघाले होते. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी भारताचा माणूस अंतराळात जाणार, म्हणून गटाने हे काम अंगावर घेतलं. आधी २९ मे ठरली होती, मग ८ जून झाली, मग १०. प्रत्येक नव्या तारखेला कोणीतरी रेल्वेची आठवण काढून हसायचं. "अमेरिकेतपण लेट?" हा प्रश्न आमच्या डब्यात जितक्या समाधानाने विचारला गेला तितका जगात कुठेही विचारला गेला नसेल. काकांचं म्हणणं, रॉकेट आपल्या यूएसएमध्ये, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनमध्ये, बनवलं असतं तर अर्ध्या किमतीत झालं असतं. उडालं असतं की नाही, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

मग ९ जूनचा सोमवार आला. सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात होत्या, एक मुंबईकडे, दुसरी उलट दिशेने. दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली होती. त्यातली काही रुळांवर पडली. त्या दिवशी चौघे गेले. त्याच संध्याकाळी दुसरी बातमी आली, की फ्लोरिडातलं हवामान बरोबर नाही, म्हणून १० तारखेचं उड्डाण एक दिवस पुढे. दुसऱ्या दिवशी आमच्या बाकांवर दोन्ही बातम्या शेजारी-शेजारी बसल्या होत्या आणि कोणीच त्यांची एकमेकींशी ओळख करून देत नव्हतं. मुंब्र्याचं वळण आलं तसे दारातले दोघे-तिघे आत सरकायला बघू लागले. आत जागा नव्हती. तरी कोणीतरी श्वास आखडून घेतला, कोणी बॅग डोक्यावर धरली, आणि वीतभर जागा झाली. काका खिडकीजवळच्या आपल्या सीटवरून उठले आणि दारातल्या एका पोराला म्हणाले, "बेटा, बस थोडा." तो बसला नाही. कानात वायर होती, त्याला ऐकू आलं नसावं.

आमच्या लाइनवर एक जुनं वाक्य आहे: "ही सोडूया, मागची रिकामी येतेय." प्रत्येक फलाटावर रोज कोणीतरी ते कोणाला तरी म्हणत असतं. मागची रिकामी येत नाही हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही, म्हणून सगळे पुढचीच धरतात. गाडी सोडायला नुसती अक्कल असून भागत नाही, मस्टरवर उशिराची सही करायची ऐपत लागते. रॉकेटवाल्यांनी मात्र ११ जूनची गाडी सोडली, कारण रॉकेटात ऑक्सिजनची गळती सापडली होती. इस्रोचे अध्यक्ष नारायणन आणि त्यांचे सहकारी फ्लोरिडात होते. गळती पूर्ण दुरुस्त केल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह त्यांनी धरला, आणि नळीत चीर सापडली. पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात जाऊन वायसर तपासायचा म्हणजे केवढं अवघड काम! मला त्या माणसाविषयी तेव्हापासून आदर आहे. पुढे अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातल्या गळतीचा घोळ झाला. १९ गेली, २२ गेली.

नको म्हणणाऱ्याचं आणखी एक दुःख असतं. तो बरोबर होता हे सहसा सिद्धच होत नाही. २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आठवड्याभरासाठी अंतराळ स्थानकावर गेल्या आणि त्यांच्या स्टारलायनर यानाची इंजिनं रुसली. नासाने ठरवलं, यात माणसं बसवायची नाहीत. यान सप्टेंबरात रिकामंच परत आलं, आणि व्यवस्थित उतरलं! आमच्याकडे असं झालं असतं तर ज्याने गाडी सोडायला लावली त्याला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. सुनीताबाई मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या यानाने घरी आल्या आणि कोणी कोणाला टोमणा मारल्याचं वाचनात नाही. उलटही घडलेलं आहे. जानेवारी २००३ मध्ये कल्पना चावलांचं कोलंबिया वर जाताना फोमचा तुकडा त्याच्या पंखावर आदळला. काही अभियंत्यांनी यानाचे फोटो काढून बघूया म्हणून विनवलं, वरिष्ठांना गरज वाटली नाही. १ फेब्रुवारीला यान परतताना आकाशातच विखुरलं.

यंत्रालाच नको म्हणायला शिकवणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय. २१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी श्रीहरिकोट्याला गगनयानच्या सुटका यंत्रणेची चाचणी होती. आत माणूस नव्हता. आधी हवामानामुळे वेळ थोडी-थोडी सरकली आणि मग उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकानेच गाडी थांबवली. त्या चाचणीत विकास इंजिन होतं, आणि विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये घडतात, म्हणजे मध्य रेल्वेच्या हद्दीत. तरीही कोणी घाई केली नाही. दोष शोधला, दहा वाजता उडवलं, कुपी पॅराशूटने समुद्रात अलगद उतरली. मुंब्र्यानंतर रेल्वेनेही जाहीर केलं, की पुढच्या नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे येतील. दार लागल्याशिवाय गाडी हलणारच नाही. हे ऐकून आमच्या गटातल्या एकाने काळजीने विचारलं, "मग बदलापूरहून एकतरी गाडी सुटेल का हो?"

२५ जूनला, बुधवारी, भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने ते गेले. अंतराळ स्थानक पकडायचं तर मुहूर्त एका क्षणाचाच असतो. स्थानकाच्या कक्षेची पातळी उड्डाणतळावरून जाते तेव्हाच निघायचं, चुकला तर उद्या. आम्ही आठही जण आठ ऑफिसांत, आठ फोनांवर. दोन-अडीच मिनिटांनी खालचा टप्पा सुटला तेव्हा गटावर फक्त हात जोडलेली चित्रं येत होती, आणि त्यात काकांची सर्वांत जास्त होती. टीव्हीवर लखनऊच्या शाळेत बसलेले शुक्लांचे आई-वडील दाखवत होते. आईने डोळ्यांना पदर लावला होता. त्या बाईंना २७० मध्ये एक हा आकडा कोणी सांगितला असेल का? सांगितला असला तरी आईच्या हिशेबात खाली २७० नसतातच, वरचा एकच असतो.

१५ जुलैला परतीचा दिवस होता. वातावरणात शिरताना कुपी तापते, काही मिनिटं संपर्क तुटतो, मग चार पॅराशूट उघडावे लागतात. चढताना निदान थांबवता येतं, उतरताना ती सोय नाही. दुपारी तीनच्या सुमाराला मी गटावर लिहिलं, "उतरले."

लगेच काकांचा प्रश्न आला, "ईस्टला की वेस्टला?"

"वेस्टला. पॅसिफिकमध्ये, सॅन दिएगोजवळ."

"पावसात वेस्टला रिक्षा मिळत नाय."

"जहाज आलंय न्यायला."

थोडा वेळ काही आलं नाही. मग काकांनी लिहिलं, "शेअर असेल."